एक्केचाळीस झरोके

धरमपेठ, नागपूर
९ एप्रिल

प्रिय वैभवी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच बाजूला ठेवशील, असा माझा अंदाज आहे. ठेव. माझा फोन तू तीन वर्षांत एकदाही उचलला नाहीस, पोस्टमन निदान दारापर्यंत तरी पोचतो. तुझी आई मघाशी म्हणाली, "काहून पत्र लिहून राहिले जी? माझ्या फोनवरून लावा ना. माझा तर उचलते ते." पण बायकोच्या पदराआडून लेकीशी बोलायचं, एवढा काही मी अजून गेलेला नाही.

इथे पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला आहे. सकाळी नऊ वाजले की तुझी आई साऱ्या खिडक्या लावून घेते, पडदे ओढते, कूलरच्या ताट्या भिजवते आणि भर दुपारी घरात संध्याकाळ करून ठेवते. त्या अंधारात ओल्या वाळ्याचा वास दरवळतो. कूलरच्या पाण्याचा आवाज ऐकत पडलं की मला झोप लागते, पण पुरती लागत नाही. आणि त्या अर्धवट झोपेत मी रोज माडबंदरच्या गलबतआळीत जातो.

आळी तशीच असते. बारा घरं एकमेकांना खांदा लावून समुद्राकडे उतरत गेलेली. जांभ्या दगडाच्या भिंती, वर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा. दुपारच्या उन्हात पांढरा दिसणारा आणि संध्याकाळी कबुतराच्या पोटासारखा होणारा. प्रत्येक दोन घरांमधल्या भिंतीत, आढ्याखाली, हातभर रुंदीचे झरोके. पहिल्या घरात शिरलेला वारा त्यांतून बाराव्या घरापर्यंत जातो. पहिल्या घरात मासा तळला की बाराव्या घरातलं मांजर उठून बसतं. माझ्या झोपेत मीही त्या वाऱ्याबरोबर घराघरांतून जातो. कुणी मला अडवत नाही. एक म्हातारी झरोक्यातून पलीकडे विचारते, "गो, कढीपत्ता आहे काय?" आणि पलीकडून हात येतो.

हे सारं तुला पाठ आहे. सहा वर्षांची असल्यापासून तू माझ्याकडून हेच ऐकत आलीस, आणि म्हणूनच तू घरं वाचवण्याचं शिक्षण घेऊन माडबंदरलाच जाऊन बसलीस, असं आई म्हणते.

तिच्याकडूनच कळलं की नगरपालिकेने बाराही घरांना धोकादायक म्हणून नोटीस दिली आहे आणि १९ मे रोजी सुनावणी आहे. भिंती मिठाने आतून कुजल्या असं त्यांचा इंजिनिअर म्हणतो, भिंती चांगल्या आहेत असं तू म्हणतेस. सिमेंटचा थर खरवडून दाखवायची परवानगीही तू मिळवलीस म्हणे. कर. तुझं काम तुला कळतं. फक्त एक सांगतो, सातव्या घराचं काम शेवटी घे. असं मला उगाच वाटतं.

जेवणाची आबाळ करू नकोस.

बाबा

———

२४ एप्रिल

वैभवी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती, तरी रोज अकरा वाजता मी फाटकापाशी जाऊन उभा राहतो. पोस्टमनला वाटतं मला पेन्शनची काळजी लागली आहे.

काल मौद्याला जाऊन आलो. वीज केंद्राच्या चिमण्या मागे टाकल्या की डाव्या हाताला एक वस्ती लागते, तिथे नत्थूजी गवंडी राहतो. तू त्याला पाहिलेलं नाहीस. आता पंचाहत्तरी उलटली आहे. कडुलिंबाखाली बाज टाकून बसला होता. मला पाहून उठायला लागला.

"कोण, मधुकर साहेब? या जी, या. लय वर्षानं वाट चुकले."

मी म्हटलं, मुलगी माडबंदरला असते. जुनी घरं दुरुस्त करण्याचं काम करते.

त्याने बाजेवर सरकून मला जागा केली. मग म्हणाला, "कोन्त्या आळीत?"

"त्याच."

"मंग तिले सांगितलं का तुमी?"

मी आंब्यांचा विषय काढला. यंदा मोहोर गळाला, असं बराच वेळ आम्ही बोललो. निघताना तो फाटकापर्यंत काठी टेकत आला आणि म्हणाला, "साहेब, चुना श्वास घेते. सिमिट नाही घेत. मी तवाच म्हटलं होतं तुमाले."

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. मनावर घ्यायचं नसतं, असं स्वतःला समजावत मी बसमध्ये बसलो. बाहेर उन्हाने सारा रस्ता पाणी झाल्यासारखा हलत होता. एकदा तर मला खरोखरच वाटलं की त्या पाण्यापलीकडे डोलकाठ्या दिसत आहेत. वय झालं की दिवसासुद्धा स्वप्नं पडतात.

तू विचारशील, मौद्याच्या गवंड्याला माडबंदरची आळी कशी माहीत? मी तिथे एक वर्ष रस्त्याच्या कामावर होतो असं तुला सांगत आलो आहे. रस्त्याच्या कामावर कुणी गवंडी नेत नाही, हे तुझ्यासारख्या मुलीच्या एव्हाना ध्यानात आलंच असेल. तू कधी विचारलं नाहीस, आणि झाकली मूठ मला बरी वाटत आली.

पुढच्या पत्रात लिहितो. आज कूलरची मोटार बिघडली आहे आणि घरात बसवत नाही.

बाबा

———

३ मे

वैभवी,

आईने परवा फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "सातव्या घराची भिंत पडली," म्हणाली. "कोणाले लागलं नाही. पण पोरीचं काम बंद पाडलं. तिनंच खरवडून पाडली म्हणून सांगून राहिले सारे."

मग ती म्हणाली, "तुमाले काही माहीत हाय का?" लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण असं तिने मला आजवर विचारलं नव्हतं.

आता सांगतो. आधीच सांगायला हवं होतं.

१९८९ साली मी बत्तीस वर्षांचा ज्युनिअर इंजिनिअर होतो. आदल्या पावसाळ्यात माडबंदरला वादळाने झोडपलं होतं. गलबतआळीच्या दुरुस्तीचं काम खात्याने माझ्याकडे दिलं. मी नत्थूजीला आणि आणखी चार गवंड्यांना इथून घेऊन गेलो. पोचलो त्या दिवशी मी घरात शिरलो आणि पहिली गोष्ट पाहिली ती ते झरोके. खारा वारा भिंती भिजवतो आहे, चुना भुसभुशीत झाला आहे, आणि ही माणसं घर उघडं टाकून बसली आहेत! तुला हसू येईल. पण आपल्याकडे घर सांभाळायचं म्हणजे घर बंद करायचं. लू आत येऊ नये म्हणून तुझी आजी दाराच्या फटीतसुद्धा फडकी कोंबायची. मी तोच शहाणपणा समुद्रावर नेला. समुद्रावरच्या घराला बाहेरचं आत येऊ न देणं जमत नाही, त्याला आतलं बाहेर सोडावं लागतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नत्थूजी सांगत होता तेव्हा मी इंजिनिअर होतो आणि तो गवंडी.

भिंतींना आतून-बाहेरून सिमेंट चढवलं. झरोके विटांनी बुजवले. एकूण एक्केचाळीस. प्रत्येकाची जागा, माप, सारं माझ्या वहीत आहे. घरच्यांच्या संमतीच्या सह्या घेतल्या. सातव्या घरात कामिनीबाई नावाची नवीन लग्न होऊन आलेली सून होती. ती म्हणाली, "हे बंद केलंत तर वारा जाईल कुठून?" मी म्हणालो, "आता पंखे आले आहेत ना!" सगळे हसले. तीही हसली आणि तिने सही केली.

सातव्या घरात चौकाकडे तोंड करून एक भलीमोठी खिडकी होती. माणूस आडवा झोपेल एवढी. ती बुजवायची वेळ आली तेव्हा मार्चअखेर होती. निधी एकतीस तारखेच्या आत खर्ची पडला पाहिजे, आणि विटा संपलेल्या. मी दगडाचे तुकडे, फुटकी कौलं, जे हाताशी होतं ते आत भरायला लावलं आणि वरून सिमेंटचं कातडं चढवलं. भिंतीशी त्याचा काही सांधा नव्हता. नत्थूजीने त्या दिवशी थापी खाली ठेवली होती. मी त्याला ओरडलो.

तू खरवडलंस तेव्हा तेच कातडं निघालं आणि मागचं सारं घसरलं. तुझी चूक नाही. सातवं घर शेवटी घे असं मला उगाच वाटत नव्हतं. पहिल्या पत्रातच मी एक ओळ जास्त लिहिली असती तर ती भिंत उभी असती. लिहायला घेतली होती. मग वाटलं, ही ओळ वाचून तू मला काय म्हणशील, आणि मी पेन खाली ठेवलं. एवढ्यासाठी एका बाईच्या घराची भिंत गेली.

आणि तीन वर्षांपूर्वीचं. तू हॉलमध्ये माडबंदरचा नकाशा पसरून बसली होतीस, केवढी आनंदात होतीस. मी म्हणालो, "ती आळी पाडूनच टाकायला पाहिजे, ठेवण्यासारखं काही नाही तिथे." तुझा चेहरा उतरला तो मी पाहिला. तुझ्या कामाचा मला राग नव्हता, बेटा. तू तिथे गेलीस तर तुला सापडेल, एवढीच भीती होती.

बाबा

———

११ मे

वैभवी,

सोबत वहीच्या सर्व पानांच्या झेरॉक्स आहेत. मूळ वही मी स्वतः घेऊन येतो आहे. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर जबाब लिहून नोटरी करून घेतला आहे. नोटरी तरुण होता. वाचून म्हणाला, "काका, एवढ्या वर्षांनी कोण विचारून राहिलं तुमाले? राहू द्या ना." मी म्हटलं, शिक्का मार.

हॉलमधलं प्रशस्तिपत्र उतरवलं. माडबंदरच्या कामाबद्दल मिळालेलं, तेच. खाली भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे. तुझी आई म्हणाली, तिथे कॅलेंडर लावू.

जबाबाने पेन्शनला काही होईल का, अशी तिला धास्ती आहे. मलाही आहे, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त धास्ती तुझ्यासमोर उभं राहण्याची आहे. सुनावणीत बाराही घरं गेली तर माझ्यामुळे जातील आणि कुणाला ते कळणारसुद्धा नाही. तुझ्या नावाने जातील. असं होऊ देणार नाही.

नत्थूजीला विचारलं, येतोस का? त्याचा मुलगा नको म्हणत होता. नत्थूजी त्याला म्हणाला, "चूप रे. माह्या हातचं काम हाय ते. मले पाहू दे."

काल दुपारी पुन्हा आळीत गेलो होतो. या वेळी घरं बंद होती आणि मी भिंतीवर हात फिरवत झरोके शोधत होतो. मोजत होतो. सत्तावीसपर्यंत आलो आणि जाग आली.

आम्ही १७ ला पोचतो. धर्मशाळेत उतरू. तुझ्या दारात येणार नाही, घाबरू नकोस.

बाबा

———

गलबतआळी, माडबंदर
२१ मे, संध्याकाळ

वैभवी,

तू दुसऱ्या घराच्या माळ्यावर आहेस आणि मी नवव्या घराच्या ओटीवर. मध्ये पाच घरं आणि एक रिकामी जागा. तरी पत्रच लिहितो आहे, कारण परवापासून तू माझ्याशी सुनावणीपुरतंच बोलली आहेस.

सभागृहात तू मला "श्री. मधुकर ढोबळे" म्हणालीस. बरोबर केलंस. तिथे बाप-लेकीचं नातं दिसलं असतं तर माझा जबाब कुणी धरला नसता. तू फाइलमधून माझं पहिलं पत्र काढलंस. म्हणजे तू उघडलं होतंस. "हे मला पंधरा एप्रिलला मिळालं," तू म्हणालीस. "यात 'उगाच वाटतं' असं लिहिलंय. उगाच म्हणजे काय?" मी म्हणालो, उगाच म्हणजे भित्रेपणा. नगराध्यक्षांनी मान वर केली.

मग तू वही उघडून त्यांच्या इंजिनिअरला घेऊन आळीत गेलीस आणि सारी सभा तुझ्यामागून. चौथ्या घरात वहीतल्या मापावर नत्थूजीने छिन्नी लावली. सिमेंट पडलं, विटा निघाल्या आणि पलीकडून पाचव्या घरातल्या कुणाचा तरी आवाज आला, "अरे, वारा आला!" मागचा जांभा टणक निघाला. इंजिनिअरने हातोडीने तीनदा वाजवून पाहिला. वरच्या थरात मीठ, आत घर शाबूत. हातच्या काकणाला आरसा लागला नाही.

परत सभागृहात आल्यावर तू शेवटचा प्रश्न विचारलास, तो विचारायची गरज नव्हती. निकाल तुझ्या बाजूने होत आला होता. तू विचारलंस, "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. नगरपालिकेच्या नोटिशीपासून, असं म्हणालो असतो तर कोण शोधायला जाणार होतं?

मी म्हणालो, "सत्त्याण्णव सालापासून."

तू लिहिता लिहिता थांबलीस. तिथे पुढचं सांगता आलं नाही, ते इथे लिहितो. तू सहा वर्षांची होतीस. ऑफिसच्या कामाने मी कोकणात आलो होतो आणि हौसेने ही आळी पाहायला वाट वाकडी केली. भिंतीवर बोटं वाजवली, तर आतून पोकळ आवाज आला. भेगेत पांढरी पूड फुलली होती. बोटाला लावून चाखली. मीठ. बाराही घरांत तेच. कामिनीबाईंनी मला ओळखलं नाही. मी बोललो नाही आणि आलेल्या वाटेने परत गेलो. घरी आलो तर तू गोष्ट मागितलीस, आणि माझ्या तोंडून ही आळी निघाली. मी येण्यापूर्वीची. मी बिघडवलेली आळी मला कुणाला सांगता येत नव्हती, म्हणून चांगली होती ती तुला सांगत राहिलो. वर्षानुवर्षं. तुला वाटलं बाबाला स्वप्नं फार छान पडतात.

अकरा घरांची नोटीस रद्द झाली. पावसाळ्याआधी झरोके मोकळे करायचे, सिमेंट टप्प्याटप्प्याने काढायचं, भिंती काही महिने उघड्या ठेवायच्या, हे सारं तू मिळवलंस. सातवं घर मिळालं नाही. एका भिंतीमागून दुसरी गेली, आणि आता तिथे फक्त जोतं आहे.

आज दुपारी मी कामिनीबाईंकडे गेलो. त्या दहाव्या घरात भाचीकडे राहतात. मी हात जोडले आणि जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चहा दिला, पण बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच प्यालो. मग म्हणाल्या, "मी सही केली होती हो. शिकलेला माणूस सांगतोय म्हणून." एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी जरा सुटलो असतो. तू त्यांच्यासाठी त्या जोत्यावर दोन खोल्या उभ्या करायच्या म्हणत आहेस असं ऐकलं. माझ्या हयातीत मला दुसरं काही करायचं नाही. पण ते तुझ्या कामात येणं होईल, आणि येऊ का म्हणून विचारण्याचा हक्क मी घालवला आहे. म्हणून विचारत नाही. परवाचं परतीचं तिकीट आहे.

एवढं लिहिलं होतं, तेवढ्यात नत्थूजी तुझ्याकडून खाली आला. अंगभर चुना, या वयात पोरासारखा खूश.

"साहेब, मॅडमनं हजेरीत नाव लिवलं तुमचं. मिस्त्री नत्थूजी, आन् हाताखाली मधुकरराव." तो इतका हसला की त्याला खोकला आला. "आता मी म्हणीन तसं करा लागन तुमाले."

मी म्हणालो, "थट्टा करतोस काय?"

"आईच्यान जी. उद्या सातले बलावलं हाय. म्हणे, आठव्या घरातला झरोका कुठं हाय थे बाबाले ठाऊक हाय, पयला घाव त्यायलेच घालू द्या."

मी त्याला पुन्हा विचारलं, "काय म्हणाली? साहेबाले, की बाबाले?"

"बाबाले म्हणे. काहून?"

काही नाही, म्हणालो, आणि तोंड धुवायला मागच्या दारी गेलो. तुझ्या आईला फोन करून तिकीट रद्द करायला सांगितलं. हे पत्र नत्थूजीच्या हातीच वर पाठवतो.

मी सातच्या आधीच येईन.